थेट फवारणीचे इंजिन आणि तेल झेलणारा डबा

सिल्वासा आणि इंजिन तेल यांचे नाते जुने आहे. करसवलतींमुळे गेल्या शतकाच्या अखेरीस दादरा व नगर हवेलीत जे कारखाने आले, त्यांत धागा बनवणाऱ्यांबरोबर वंगणतेलाची मिश्रणे करणारेही होते. कॅस्ट्रॉल, गल्फ ऑइल, इंडियन ऑइल अशा कंपन्यांची वंगणे येथे तयार होतात आणि येथून डबाबंद होऊन देशभर जातात. त्याच तेलाचा थोडासा अंश इंजिनात पोहोचल्यावर धुक्यासारखा उडतो, हवेच्या वाटेने पुढे जातो आणि आत येणाऱ्या हवेच्या झडपांवर किटणासारखा बसतो. जुन्या धाटणीच्या पेट्रोल इंजिनात याचा फारसा उपद्रव नसे. थेट फवारणीच्या, म्हणजे डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनात तो होतो. त्यावरचा उपाय म्हणून बाजारात ‘ऑइल कॅच कॅन’ या नावाने एक लहानसा डबा मिळतो. तो कोणी बसवावा, कसा बसवावा आणि कोणी त्याच्या नादी लागू नये, हे समजण्यासाठी आधी इंजिनाच्या श्वासोच्छ्वासाकडे पाहावे लागते.

दट्ट्याच्या कड्या, म्हणजे पिस्टन रिंगा, कितीही चांगल्या असल्या तरी सिलिंडरमधील जळालेल्या वायूचा काही भाग त्यांच्या फटींतून खाली तेलाच्या कोठीत, क्रँककेसमध्ये उतरतोच. त्याला ब्लो-बाय म्हणतात. त्यात जळालेला वायू, न जळलेले पेट्रोल आणि पाण्याची वाफ असते. एक लिटर पेट्रोल पूर्ण जळले की वजनाने साधारण एक किलो पाणी तयार होते. त्यातील बहुतेक धुराड्यावाटे निघून जाते, पण थोडे या फटींतून खालीही येते. खाली भोवऱ्यासारख्या फिरणाऱ्या दांड्याने उडवलेले तेलाचे सूक्ष्म थेंब त्यात मिसळतात. हे मिश्रण बाहेर काढले नाही तर कोठीत दाब वाढतो, तेलाच्या सीलमधून गळती सुरू होते आणि तेल लवकर खराब होते.

पूर्वी हे मिश्रण एका नळीने सरळ गाडीखाली सोडून देत. रस्त्याच्या मधोमध दिसणारा तेलाचा काळा पट्टा बऱ्याच अंशी त्या नळीची देणगी होती. मोटारीतून बाहेर पडणाऱ्या हायड्रोकार्बनपैकी सुमारे एक पंचमांश भाग या वाटेने जातो, हे लक्षात आल्यावर अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने १९६१ पासूनच्या नव्या मोटारींत ही वाफ परत इंजिनात ओढून जाळण्याची सोय आणवली. तिला पीसीव्ही म्हणतात. आज भारतातील प्रत्येक पेट्रोल मोटारीत ती असते. भारत स्टेज मानकांच्या प्रमाणचाचणीत क्रँककेसमधून वाफ बाहेर सुटत नाही ना, हे स्वतंत्रपणे तपासले जाते. हा मुद्दा पुढे पुन्हा येणार आहे.

झडपा धुण्याचे काम थांबले

साध्या इंजिनात पेट्रोलचा फवारा झडपेच्या मागे, हवेच्या नळीत उडतो. त्याचा दाब तीन-चार बार इतकाच असतो, पण तो झडपेच्या पाठीवर पडत असल्याने पेट्रोलमधील स्वच्छता करणारी रसायने झडपेला सतत धूत राहतात. तेलाचे धुके आले तरी टिकत नाही. थेट फवारणीत पेट्रोल दोनशे ते साडेतीनशे बार दाबाने सरळ सिलिंडरच्या पोटात जाते. त्यामुळे ज्वलन नेमके होते आणि कमी इंधनात अधिक ताकद मिळते. मात्र झडपेच्या पाठीवर पेट्रोलचा एक थेंबही पडत नाही. तेलाचे धुके तेवढे येते आणि दोनशे अंश सेल्सिअसच्या वर तापलेल्या धातूवर भाजून घट्ट होते. चुलीच्या वरच्या भिंतीवर फोडणीची वाफ बसून जसा चिकट थर चढतो, तसाच हा प्रकार.

म्हणूनच महागडे पेट्रोल किंवा टाकीत ओतायची बाटलीबंद औषधे झडपांवरील या थराला काही करू शकत नाहीत. ती फवारणीच्या तोंडाला, म्हणजे इंजेक्टरला उपयोगी पडतील, पण झडपेपर्यंत त्यांची पोहोचच नाही. दुकानदार काहीही सांगो.

थेट फवारणी ही कल्पना नवी नाही. १९५४ साली, म्हणजे दादरा व नगर हवेली पोर्तुगिजांच्या अमलातून मुक्त झाली त्याच वर्षी, मर्सिडीजची ३०० एसएल ही मोटार बॉशच्या यांत्रिक थेट फवारणीसह बाजारात आली. विद्युत-नियंत्रित रूपात हे तंत्र मित्सुबिशीने १९९६ मध्ये सर्वसामान्य मोटारीत आणले. भारतात त्याचा प्रसार गेल्या दहा-बारा वर्षांतला. फोक्सवॅगन व स्कोडाची टीएसआय इंजिने, ह्युंदाई व किया यांची टर्बो जीडीआय, महिंद्राची टीजीडीआय नावाची एमस्टॅलियन इंजिने, मारुतीचे एक लिटरचे बूस्टरजेट आणि टाटाच्या कर्व्हमधील हायपेरियन ही सारी थेट फवारणीची आहेत. उलट टर्बो आहे म्हणजे थेट फवारणी आहेच असे समजू नये. टाटा नेक्सॉनचे १.२ लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन साध्या फवारणीचे आहे. वॅगन आर किंवा तत्सम गाड्यांच्या मालकांना तर हा डबा शोधत फिरण्याचे काहीच कारण नाही.

डिझेल इंजिनांत फवारणी सिलिंडरमध्येच होते आणि त्यांच्या नळ्यांतही थर बसतो. तेथे मुख्य दोषी धुराड्यातून परत फिरवलेली काजळी असते, तेलाचे धुके तिला चिकटपणा देते. तो वेगळा विषय आहे.

सिल्वाशाच्या रस्त्यांवर काय घडते

येथील मोटारींचा दिनक्रम या थराला पोषक आहे. आमलीतून मसाटला किंवा पिपरियाला कामावर जायचे, पाच-सहा किलोमीटरनंतर गाडी उभी करायची, संध्याकाळी तेवढेच अंतर परत. इतक्यात इंजिनातील पाणी गरम होते, तेल मात्र पुरते तापत नाही. तेलाला पाण्यापेक्षा बराच अधिक वेळ लागतो. मग आत जमलेली पाण्याची व पेट्रोलची वाफ उडून न जाता तेलातच राहते. पावसाळ्यात बाहेरची हवाही दमट असते, त्यामुळे तेलाच्या झाकणाखाली दुधाळ, लोण्यासारखा साका दिसू लागतो. आठवड्यातून एकदा भिलाडमार्गे महामार्गावर तासभर सलग चालणारी गाडी या बाबतीत सुखी असते. खानवेल-दुधनीच्या चढावर इंजिनावर भार पडतो. तेथे टर्बोचा दाब वाढतो, ब्लो-बायही वाढतो आणि धुके दुसऱ्या वाटेने निघते.

ही दुसरी वाट समजून घेणे अत्यंत आवश्यक आहे, कारण अर्धवट बसवलेल्या डब्यांची बहुतेक फसगत येथेच होते. गाडी उभी असताना किंवा हलक्या पायाने चालवताना हवेच्या नळीत निर्वात ओढ असते. तेव्हा क्रँककेसची वाफ पीसीव्ही झडपेतून सरळ त्या नळीत ओढली जाते. टर्बोने दाब भरला की ओढ नाहीशी होते, एकमार्गी झडप बंद होते आणि वाफ टर्बोच्या तोंडाकडे जाणाऱ्या दुसऱ्या नळीतून निघते. एकाच नळीवर डबा बसवला तर एकाच प्रसंगीचे तेल सापडते. दोन तोंडांचा किंवा दोन्ही नळ्या स्वतंत्रपणे हाताळणारा डबा त्यासाठीच असतो.

डब्याचे आतले काम साधे आहे. अरुंद नळीतून आलेली वाफ मोठ्या पोकळीत शिरली की तिचा वेग पडतो. आत आडवे पत्रे आणि स्टीलची जाळी असते. त्यांवर आपटून सूक्ष्म थेंब एकत्र येतात, थंड होतात आणि तळाशी ठिबकतात. वायू वरच्या तोंडाने पुढे जाऊन नेहमीप्रमाणे इंजिनात जळतो. जाळी आणि पत्रे नसलेला, नुसता पोकळ, चकचकीत अॅनोडाइज्ड डबाही बाजारात विकला जातो. त्यात थोडे तेल जमतेच, त्यामुळे मालकाला समाधान वाटते. पण बारीक धुके त्यातून सुखरूप पार होते. डबा काम करतो की नाही याची खात्री त्यात किती तेल जमले यावरून होत नाही. हजार किलोमीटरनंतर डब्यातून बाहेर जाणारी नळी काढून आत पांढरे फडके फिरवावे. फडके तेलकट निघाले तर डबा कुचकामी आहे.

बसवताना

पहिले काम कंपनीची व्यवस्था नीट पाहण्याचे. अनेक नव्या इंजिनांत तेल वेगळे करणारा भाग, दाब राखणारा पडदा आणि एकमार्गी झडपा एकाच प्लास्टिकच्या घडणीत इंजिनाच्या अंगालाच जोडलेल्या असतात. कापायला वरून दिसणारी नळीच नसते. अशा इंजिनाला त्याच्यासाठी घडवलेली जोडपट्टी लागते. ती मिळत नसेल तर तेथे जुगाड करू नये. दाब राखणारा पडदा वगळून थेट नळी जोडली की हवेच्या नळीची पूर्ण ओढ क्रँककेसवर येते आणि मागच्या सीलमधून हवा आत खेचली जाऊ लागते. शिटीसारखा आवाज हे त्याचे लक्षण.

नळी तेल आणि पेट्रोल दोन्ही सहन करणारी हवी. आतून नायट्राइल किंवा फ्लुओरो रबर आणि मध्ये धाग्याची वीण असलेली नळी योग्य. रंगीत सिलिकॉनची नळी देखणी दिसते, पण साध्या सिलिकॉनमधून तेल पाझरते आणि ती फुगून मऊ पडते. पाण्याची पारदर्शक नळी तर मुळीच वापरू नये. तापली की ती निर्वात ओढीने चपटी होते आणि वाट बंद पडते. नळीचा आतला व्यास मूळ नळीपेक्षा कमी नसावा. तिच्या वाटेत खोलगट झोळ राहू देऊ नये, तेथे तेल साचते.

डबा उभाच बसवावा. तो टर्बो आणि धुराड्याच्या नळीपासून दूर, शक्यतो वाहती हवा लागेल अशा जागी असावा. डबा जितका गार, तितकी वाफ अधिक निवळते. थंड प्रदेशांत अशा डब्यात हिवाळ्यात बर्फ गोठून नळी बंद होण्याचा धोका असतो, सिल्वाशात तो नाही. पट्टी गाडीच्या सांगाड्याला जोडलेली असेल तर नळीत थोडी सैल राखण ठेवावी, कारण इंजिन आपल्या रबरी पायांवर हलत असते. ब्रेकच्या एबीएस युनिटला, तारांच्या जुडग्याला किंवा पंख्याला डबा घासत नाही हे बोनेट बंद करून आणि पुन्हा उघडून पाहावे. मिस्त्री हे टाळतात, मालकाने स्वतः पाहावे.

जोडणी झाल्यावर इंजिन सुरू करून पूर्ण गरम होऊ द्यावे. कोठे हवा खेचली जात असल्यास मिश्रण पातळ होते, चाल अडखळते आणि काही दिवसांत इंजिनाचा पिवळा दिवा लागतो. साध्या ओबीडी स्कॅनरवर इंधनाची दुरुस्ती, म्हणजे फ्युएल ट्रिम, डबा बसवण्यापूर्वी किती होती आणि नंतर किती आहे, याची नोंद करून ठेवावी. दोन्ही आकड्यांत मोठा फरक पडला असेल तर गळती आहे असे समजावे.

सर्वांत गंभीर चूक म्हणजे डब्याच्या डोक्यावर लहानसे फिल्टर बसवून वाफ उघड्यावर सोडणे आणि इंजिनाकडची तोंडे बुजवून टाकणे. शर्यतीच्या गाड्यांची नक्कल म्हणून हे केले जाते. बोनेटखाली पेट्रोलची वाफ कोंडते, तिचा वास एसीतून आत येतो आणि १९६१ पूर्वीचे प्रदूषण पुन्हा सुरू होते. शिवाय क्रँककेसला ओढ मिळत नसल्याने पाण्याची वाफ आत साचते, तेल लवकर बिघडते. पीयूसी केंद्रावर नळकांडे धुराड्यात घालतात, बोनेटखाली नाही, त्यामुळे हा दोष तेथे सापडत नाही. म्हणून तो कायदेशीर ठरत नाही.

कायदा आणि हमी

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनाची नोंदणीतील वैशिष्ट्ये निर्मात्याने ठरवून दिलेल्या वैशिष्ट्यांपासून विसंगत होतील असा बदल मालकाला करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये परवानगी नसलेला भाग बसवण्यालाही सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. बंद वर्तुळात बसवलेला डबा वाहनाची मूळ रचना बदलत नाही असा युक्तिवाद करता येतो. उघड्यावर वाफ सोडणाऱ्या डब्याबाबत तसा करता येत नाही. प्रदूषण-नियंत्रणाची व्यवस्थाच त्याने मोडलेली असते.

हमीचा प्रश्न अधिक व्यावहारिक आहे. हमीच्या काळात इंजिनाची नळी बदललेली आढळली की टर्बो, सील किंवा झडपांसंबंधीचा दावा अडकण्याची शक्यता असते. मग तो दोष डब्यामुळे नव्हता हे सिद्ध करण्याचा भार मालकावर येऊन पडतो. हमी चालू असलेल्या गाडीला डबा न बसवणे हाच शहाणपणा. हमी संपलेली, थेट फवारणीची, टर्बो असलेली आणि बहुतेक फेऱ्या छोट्या करणारी गाडी ही डब्यासाठी योग्य म्हणावी. त्यातही महिन्यातून एकदा बोनेट उघडणारा मालक हवा. वर्षातून एकदा सर्व्हिसिंगला गाडी देऊन मोकळे होणाऱ्याने हा डबा घेऊच नये, कारण विसरलेला डबा हा डबा नसण्यापेक्षा वाईट. तो भरला आणि चढावर जोराने गाडी ताणली की साठलेले तेल-पाणी एकदम गोळ्याने सिलिंडरमध्ये जाते. द्रव दाबला जात नाही. दट्ट्याचा दांडा वाकण्याइतपत नुकसान होऊ शकते.

डबा काय करू शकत नाही

झडपेवरचे सारे तेल पीसीव्हीच्या वाटेने येत नाही. झडपेच्या दांड्याभोवतीच्या सीलमधून थोडे तेल मुद्दाम झिरपू दिलेले असते, आणि जळालेल्या वायूचा काही भाग झडपा एकत्र उघड्या असण्याच्या क्षणी मागे सरकतो. डबा या दोन्ही ठिकाणी निरुपयोगी आहे. तो थर बसण्याचा वेग कमी करतो, बसलेला थर काढत नाही. गार इंजिन सुरू करताना थरथर, मधूनच ठोका चुकणे, ताकद उतरणे ही लक्षणे आधीच दिसत असतील तर प्रथम झडपा स्वच्छ कराव्यात. हवेची नळी उतरवून अक्रोडाच्या कवचाचा भरडा दाबाने मारणे ही त्याची मान्य पद्धत आहे. तो धातूला ओरखडा पाडत नाही. डबा त्यानंतर.

मोटारनिर्मात्यांनी स्वतः निवडलेला उपाय वेगळा आहे. टोयोटाने २००५ च्या सुमारास लेक्ससमध्ये दोन्ही फवारण्या एकाच इंजिनात आणल्या, पुढे औडी आणि फोर्डनेही काही इंजिनांत तोच मार्ग धरला. कणप्रदूषण घटवणे हा त्यामागचा मोठा हेतू. झडपा पुन्हा धुतल्या जाऊ लागल्या, हा सोबतचा लाभ. तो भारतातील सामान्य खरेदीदाराच्या पदरी अद्याप फारसा पडलेला नाही.

जो उपाय येथील मालकाच्या हातात आहे आणि ज्याला एकही नळी कापावी लागत नाही, तो तेलाच्या डब्यावर छापलेला असतो. कोणते तेल किती उडते हे मोजण्यासाठी नोॲक नावाची चाचणी आहे. तेल २५० अंश सेल्सिअसला एक तास तापवून त्याचे वजन किती टक्के घटले ते पाहतात. एपीआयच्या एसपी दर्जातील पातळ तेलांसाठी ही घट १५ टक्क्यांपर्यंत चालते, युरोपीय एसीईए सी३ दर्जात १३ टक्क्यांपर्यंत. उत्तम कृत्रिम तेलांत ती त्याहूनही बरीच कमी असते आणि उत्पादकाच्या तांत्रिक पत्रकात दिलेली असते. निर्मात्याने सांगितलेल्या दर्जाच्याच तेलांमध्ये हा आकडा कमी असलेले तेल निवडणे म्हणजे धुके उगमाशीच कमी करणे. एपीआयने २०२० मध्ये आणलेल्या एसपी दर्जाचा आणखी एक उपयोग आहे. सिलिंडरमध्ये शिरलेला तेलाचा थेंब कमी वेगात, जास्त भारावर ठिणगीच्या आधीच पेट घेऊ शकतो, आणि टर्बो इंजिनाला तो ठोका घातक असतो. हा धोका कमी करणारी रसायनरचना त्या दर्जात अपेक्षित आहे. जुने एसएन लेबल लावलेले स्वस्त डबे अजून दुकानांत दिसतात. ते नव्या टर्बो गाडीसाठी घेऊ नयेत.

तेल बदलण्याची मुदतही छोट्या फेऱ्यांच्या गाडीत किलोमीटरवर न मोजता महिन्यांवर मोजावी. दहा हजार किलोमीटरची वाट पाहत दीड वर्ष तेच तेल ठेवणे, हे सिल्वाशासारख्या गावात सहज घडते.

डबा बसवलाच तर पहिल्यांदा पाचशे किलोमीटरनंतर उघडून पाहावा, पुढे हजारावर, आणि पावसाळ्यात त्याहून लवकर. इंजिन गार असताना खालचा नळ उघडावा. तपकिरी-काळे, पेट्रोलचा वास येणारे पाणीदार द्रव निघणे स्वाभाविक आहे. जून ते सप्टेंबर ते दुधाळ दिसेल. त्याने घाबरू नये, मात्र कूलंटची पातळी त्याच दिवशी पाहावी. कूलंट उतरत नसेल तर तो फक्त पावसाळा. उतरत असेल तर हेड गॅस्केट तपासून घ्यावे.

निघालेले तेल परत इंजिनात ओतू नये, त्यात पाणी, पेट्रोल आणि आम्ले असतात. ते गटारातही ओतू नये. येथील नाले अखेर दमणगंगेला मिळतात आणि २०१६ च्या घातक कचरा नियमांत वापरलेले तेल घातक कचऱ्यातच गणले आहे. झाकणाच्या डब्यात साठवून पुढच्या तेलबदलाच्या वेळी गॅरेजच्या जुन्या तेलाच्या पिंपात द्यावे. कापलेली किंवा काढलेली कंपनीची मूळ नळी आणि तिच्या क्लिपा पिशवीत घालून जपून ठेवाव्यात. गाडी विकताना घेणारा त्या मागतोच.